आभाराच्या पानावर एकच नाव

ऋजुता मुळ्येची स्कूटर आरे-वारेच्या वाळूत रुतली, तेव्हा तिने आधी समुद्राला शिव्या घातल्या, मग स्वतःला, आणि मग अगदी जीव ओतून मोबाइलमधल्या ॲपला.

खरं तर तिची चूक काहीच नव्हती. कॉलेजात भूगोल शिकवणारी मुलगी. या सत्रात मुलांना किनाऱ्यावर आणायचं, म्हणून शनिवारी सकाळी एकटीच जागा बघायला आली होती. ॲप म्हणत होतं, भरती सव्वाआठला. ही पोचली साडेआठला. म्हणजे आता पाणी उतरायला लागणार, असा सरळ विचार करून बाईंनी स्कूटर खुशाल ओल्या वाळूपर्यंत आणून उभी केली, चपला हातात घेतल्या आणि लांबवर फिरून आल्या. परत येऊन बघतात तर पाणी पुढेच सरकतंय आणि मागचं चाक निम्मं आत गेलंय.

"ओढू नका... आणखी रुतेल," मागून कुणीतरी म्हणालं.

पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेला एक चष्मेवाला तरुण होता. हातात रंगाच्या खुणा केलेला बांबू. तो त्याने वाळूत रोवला, स्कूटरच्या मागे गेला आणि म्हणाला, लाट आली की चाकाखालची वाळू सैल होईल, तेव्हाच ढकलायचं. लाट आली, दोघांनी ढकललं, स्कूटर सुटली आणि दोघंही कमरेपर्यंत भिजले. त्याने चष्मा काढून ओल्याच शर्टाला पुसला. मग डोळ्यांवर चढवला आणि काहीच दिसेना म्हणून परत काढला. ऋजुताला हसू आलं, पण राग अजून शिल्लक होता.

"हे ॲप ज्याने कुणी केलंय ना, तो कधी समुद्राजवळ फिरकलासुद्धा नसणार," ती म्हणाली. "आज द्वादशी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. बारा पाऊणे नऊ. आणि ॲपचं नाव काय, तर म्हणे 'पाऊणपट'. फुकटात मिळतं ना, मग असंच असणार."

त्याने तिचा मोबाइल मागून घेतला. जरा वेळ बघितलं आणि विचारलं, काल रात्री ॲप उघडून तसंच ठेवलं होतं का. ती म्हणाली, हो, मग?

"म्हणजे मध्यरात्र उलटली तरी पान बदललं नाही. कालची एकादशीच दाखवतंय..." तो पुटपुटला. मग बांबूकडे बघत हळूच म्हणाला, "आणि तो समुद्राजवळ फिरकतो हो. म्हणजे... रोजच फिरकतो. हा बांबू त्याचाच आहे."

ऋजुताचे कान गरम झाले. आता काय बोलावं माणसाने?

बोलला तोच. त्याचं नाव सलिल साळवी. म्हणाला, हे सगळं ॲपमधल्या 'चूक कळवा' या जागी लिहून पाठवा. ती म्हणाली, अहो, मी समोर उभी आहे की. तरी पाठवा, तो म्हणाला, आम्हा प्रोग्रॅमवाल्यांत रीत आहे तशी. चूक शोधून देणारा म्हणजे आमचा उपकारकर्ता, त्याचं नाव आभाराच्या पानावर घालायचं. ऋजुताने घरी जाऊन, अजिबात हात आखडता न घेता, चांगलं लांबलचक लिहून पाठवलं. दुसऱ्या दिवशी चूक दुरुस्त झालेली आणि आभाराच्या पानावर नाव: ऋजुता मुळ्ये. खाली काही नाही, वर काही नाही. एवढ्या मोठ्या पानावर आपलं एकटीचंच नाव बघून तिला हसू आलं, आणि बरंही वाटलं. खोटं कशाला बोला, पुष्कळच बरं वाटलं.

मग काय, पोरगी चुका शोधायच्या मागेच लागली. उन्हात अक्षरं दिसत नाहीत. आकडे बारीक आहेत, चष्म्याशिवाय वाचता येत नाहीत. अमावास्येचं चित्र पौर्णिमेसारखं दिसतंय. प्रत्येक वेळी दुरुस्ती करून तो कळवायचा, 'बघा बरं आता.' बघायला मांडवीच्या जेट्टीवर जावं लागायचं, कारण तिथे ऊन चांगलं असतं, असं दोघांचंही म्हणणं होतं. दिवस मावळल्यावरही ते तिथेच असायचे, ते कशाला, हे कुणी विचारलं नाही म्हणून बरं. अहो-जाहो कधी गळून पडलं, तेही कळलं नाही.

एकदा परतीच्या पावसाची सर आली आणि दोघं एका टपरीच्या पत्र्याखाली चहाचे ग्लास धरून उभे राहिले. तिच्या केसांवरून ओघळलेला थेंब तिच्याच चहात पडला. सलिलने आपला ग्लास तिच्या हातात दिला आणि तिचा स्वतः घेतला. तेवढ्याने तिचं बोलायचं होतं ते सगळं विस्कटलं. काहीतरी विचारायचं म्हणून तिने विचारलं, ॲप कितीजण वापरतात रे?

"माहीत नाही," तो म्हणाला. "मोजत नाही मी."

"म्हणजे?"

मग तो बोलत सुटला. एरवी मोजूनमापून बोलणारा माणूस, या विषयावर मात्र ऐकत नसे. मोजायचं तर कोण, कुठून, कधी उघडतंय यावर नजर ठेवावी लागते. लोक नुसती भरतीची वेळ विचारतात, त्यांच्या मागे मागे जायचा आपल्याला काय अधिकार? ॲप त्याच्या वेबसाइटवर होतं. तिथे लिहिलं होतं: वापरा, उघडून बघा, बदला, पुढे द्या. त्याच्या गुरुप्रसादमामांनी गावात कॉम्प्युटरचा क्लास काढला होता, फ्लॉपीच्या जमान्यात. कोरी फ्लॉपी आणेल त्याला मामा प्रोग्रॅम उतरवून द्यायचे, आणि लिहिलेला कसा आहे तेही उघडून दाखवायचे. त्यातले कितीतरी जगाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी लिहून सगळ्यांसाठी मोकळे सोडलेले होते. मामांनी जपून ठेवलेल्या त्याच फ्लॉप्यांवर सलिल शिकला.

"ज्यांनी मला शिकवलं, त्यांची तोंडंही मी पाहिलेली नाहीत," तो म्हणाला. "आभार मानायचे कुठे जाऊन? म्हणून आपण केलेलं पुढे द्यायचं. फुकट नाही गं ते. मला आधीच मिळालंय त्याबद्दल आहे."

पहिल्या दिवशी आपण काय बोललो होतो, ते आठवून ऋजुताने मान खाली घातली. आणि त्याच क्षणी तिला कळलं की हा माणूस आपल्याला आवडतो. चांगलाच आवडतो.

हे त्याला सांगायचं तिने मनाशी ठरवलं, पण ती सांगायच्या आतच, त्याच टपरीवर, त्याने सांगितलं. काय, तर बेंगळुरूच्या एका कंपनीत नोकरी मिळतेय. दिवाळीनंतर जायचं. इथे आंबेवाल्यांच्या वेबसाइट करून त्याचं पोट भरत होतं, पण जेमतेमच. कंपनीची एकच अट होती, नोकरीत असताना जे काही लिहाल, घरी बसून लिहिलं तरी, ते कंपनीचं. म्हणजे 'पाऊणपट' एकतर त्यांना द्यायचं, नाहीतर बंद करायचं. त्यांना दिलं तर ते पहिल्या दिवसापासून लोकांवर नजर ठेवायला लागणार, म्हणून त्याने बंदच करायचं ठरवलं होतं.

"असं कसं बंद करशील?"

"वापरतंय कोण, ऋजुता? इतक्या दिवसांत चूक कळवणारी तू एकटी. एका माणसासाठी कुणी ॲप चालवतं का?"

"एक माणूस कमी पडतो तुला?" तिने विचारलं. विचारताना हसली. तो काहीतरी बोलणार होता... चष्मा काढला, पुसला, आणि राहिलाच.

चार दिवस ती जेट्टीकडे फिरकली नाही. कुठल्या तोंडाने थांब म्हणायचं? मग आईने मासळी आणायला मिरकरवाड्याला पिटाळलं. तिथे सखूमावशी, जिच्याकडून मुळ्यांच्या घरी वर्षानुवर्षं मासळी येते, तिच्याशी भाव करत होती, तर मावशी म्हणाली, आता घाई करू नको, पाणी चढलं की बोटी आत येतील, मग ताजं देते. आणि कमरेचा मोबाइल काढून तिने वेळ बघितली. मोठे आकडे, उन्हातही दिसणारी अक्षरं. ऋजुता बघतच राहिली. शेजारच्या बाईकडे तेच. बर्फ फोडणाऱ्याकडे तेच. हे कुठून घेतलंत, तर मावशी म्हणाली, कुठून म्हणजे, ह्याच्या मोबाइलातून त्याच्या, त्याच्यातून माझ्या.

फ्लॉपीवरून फ्लॉपीवर, ऋजुताच्या मनात आलं. वेबसाइटवर कुणी गेलंच नव्हतं. आणि सलिलने मोजायचं नाही असं ठरवलेलं, त्यामुळे अख्खा मिरकरवाडा आपल्या ॲपच्या जिवावर बोटी आत-बाहेर करतोय, हे त्या शहाण्याला कळायला मार्गच नव्हता.

तिने तिथूनच फोन लावला. म्हणाली, सुरमई घ्यायचीय, मला पारख नाही, ये. खरं तर सलिलला सुरमई आणि बांगड्यातला फरक कळला असता तरी पुष्कळ. पण आला. धावतच आला.

धक्क्यावर रामा तांडेल जाळं आवरत बसला होता. ऋजुताने त्याला नुसतं विचारलं, भरती किती वाजता हो? रामाने खिशातून मोबाइल काढला, वेळ सांगितली. तिने विचारलं, हेच का वापरता, दुसरी ॲपं आहेत की.

"हायत की," रामा म्हणाला. "पन ती आधी इचारतात, तू हायस कुठं. मी जाळं कुठं टाकतो ते बायकोला सांगत नाय, मोबाइलला सांगू? ह्यो काय इचारत नाय. नुसतं पानी सांगतो." मग मोबाइल परत खिशात ठेवत म्हणाला, "कुनी केलाय देव जाणे. नाव पन नाय टाकलंनी. गावला तर पाया पडंन त्याच्या."

सलिल बर्फाच्या पेट्यांशेजारी उभा होता. त्याने चष्मा काढला. या खेपेला पुसायचं काही काचांवर नव्हतं.

ऋजुताने बोट दाखवलं. "हाच तो."

रामा उठला. पाया पडला नाही, कारण सलिलने त्याचे दोन्ही हात आधीच घट्ट धरले होते. सखूमावशीने चांगली भरली सुरमई पिशवीत घातली आणि पैशाचं नाव काढशील तर पुन्हा इथे येऊ नकोस, असा दमही दिला.

दोघं परत निघाले. पिशवी त्याच्या हातात. रस्त्याच्या वळणावर ऋजुता थांबली आणि म्हणाली, मला एक शेवटची चूक कळवायचीय. तो म्हणाला, सांग.

"आभाराच्या पानावर माझं एकटीचं नाव आहे. ज्याने केलं त्याचं कुठेच नाही."

"त्याच्या नावाची गरज काय..."

"मला आहे," ती म्हणाली. "मला दोन्ही नावं एका पानावर हवी आहेत, सलिल. तू बेंगळुरूला गेलास तरी हवीत. नाही गेलास तर... तर जास्तच हवीत."

 त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेऊन मोकळ्या झालेल्या हाताने तिचा हात धरला. मासळीच्या वासाचा, बर्फाने गार पडलेला हात. ऋजुताने तो सोडला नाही.

त्याने कंपनीला कळवलं, ती एक अट काढा, मी येतो. त्यांनी काढली नाही, त्यानेही जायचा विचार सोडला. आंबेवाल्यांना वेबसाइट लागतच होत्या. काहीतरी जमेल, असं तो म्हणाला, आणि ती म्हणाली, जमवू.

पुढच्या शनिवारी मुलांची सहल आरे-वारेला आली. ऋजुताने स्कूटर वर सुरूच्या झाडाखाली लावली. बांबू घेऊन पाण्यात उभा असलेला सलिल मुलांना खुणा दाखवत होता. तिने मोबाइल काढला. आभाराचं पान बदललेलं होतं. ती वाचायला लागली:

'चुका कळवल्याबद्दल आभार: ऋजुता मुळ्ये. वापरून पुढे दिल्याबद्दल आभार: रामा तांडेल, सखूमावशी आणि मला माहीत नसलेले सगळे. ज्यांची तोंडं पाहिली नाहीत, त्यांचेही आभार. आणि टपरीवर सांगायचं राहून गेलं ते: एक माणूस अजिबात कमी पडत नाही. — सलिल साळवी.'

तिने पाण्याकडे बघितलं. तो तिच्याकडे बघत नव्हता, म्हणजे सगळं लक्ष तिच्याचकडे होतं. ऋजुताने 'चूक कळवा' उघडलं आणि लिहिलं, 'बघितलं. आता बरोबर आहे.' मग चपला हातात घेतल्या आणि पाण्यात उतरली.