पाझरभिंत

शिखरनगरातल्या त्या घराला सगळं होतं, फक्त घुमारा नव्हता. देवापुढं झांज वाजवली की नाद खोलीभर फिरून परत यायला हवा. इथं तो पूर्वेच्या भिंतीत मुरून जाई, वाळूत पाणी मुरावं तसा. सुगंधा कीर्तनकाराची लेक. नाद जातो कुठं, या विचारानं तिला चैन पडेना.

"या घरात काहीतरी आहे," ती नवऱ्याला म्हणाली.

"आहे की. पाणी आहे, उजेड आहे, शेजारी बडी माणसं आहेत." हणमंत शिखरनगरातल्या याच उंच मनोऱ्यांच्या लिफ्ट दुरुस्त करायचा. "लांब राहत होतो तेव्हा अंधारात निघून अंधारात घरी पोचायचो. तनू मला पाव्हणा समजायची. आता गप राहा की जरा!"

पण गप राहायलाच तर बंदी होती. घराचा ताबा देताना मनोऱ्याच्या साहेबलोकांनी एवढंच बजावलं होतं : घर बोलतं ठेवा.

जे राबून शहर चालवतात त्यांना शहरात घर परवडावं की नाही, यावर शिखरनगरात वर्षानुवर्षं वाद चालला होता, आणि उत्तर नेहमी नकाराकडंच झुकायचं. मग एका वर्षी अचानक दर मजल्यावर, श्रीमंतांच्या भिंतीला भिंत लावून, एकेक स्वस्त घर निघालं. निवड करणाऱ्या साहेबानं सुगंधाला विचारलं होतं, "घरात भांडता का? मूल बडबडं आहे का? तुम्ही गाता?" भांडतो म्हटल्यावर तो खूश झाला होता. तेव्हापासून तिच्या मनात पाल चुकचुकत होती.

शेवटी तिनं परीक्षा घ्यायची ठरवली. एका संध्याकाळी अभंग नाही, झांज नाही. पाच वर्षांच्या तनूला कुशीत घेऊन ती मुकाट बसून राहिली.

सकाळी दारात शेजारच्या डॉ. वैजयंती पोंक्षे उभ्या. बाई ध्वनिशास्त्रज्ञ, आजवर मान हलवण्यापलीकडं ओळख नव्हती.

"सुगंधाताई, बरं नाही का? काल गायला नाहीत."

"तुम्हाला हो कसं कळलं?"

बाई अडखळल्या. मग आत येऊन खालीच बसल्या.

"ही पूर्वेची भिंत पाझरभिंत आहे. माठातून पाणी पाझरतं ना, तसा हिच्यातून आवाज पाझरतो. एकाच बाजूनं. तुमच्याकडून आमच्याकडं."

"आणि तुमचा?"

"आमच्याकडं आवाजच नाही. सगळी कामं यंत्रं करतात, तीही बिनआवाजी. माणसं आपापल्या कानातल्या यंत्राशी पुटपुटतात. अशा घरांतली मुलं बोलेनाशी झाली. माझा नातू रेवंत तीन वर्षांचा झाला तरी मुका. आम्ही आवाज यंत्रात भरून ऐकवले, पगार देऊन माणसं बोलायला बसवली. मुलं तोंड फिरवायची. कोवळ्या मेंदूला जगता जगता निघालेला आवाज लागतो. मुद्दाम ऐकवण्यासाठी काढलेला आवाज मेंदू बरोबर ओळखतो नि टाकून देतो. त्या खऱ्या आवाजाला आम्ही सहजनाद म्हणतो."

"म्हणून आम्हाला सांगितलं नाही."

"सांगितलं की तो सहज राहत नाही. पण घाबरू नका, भिंत शब्द गाळून घेते. पलीकडं नुसती लय पोचते." बाईंचे डोळे भरून आले. "अहो, परवा रेवंत पहिल्यांदा बोलला! काय म्हणाला असेल? 'आगं बया!'"

सुगंधाला खुदकन हसू आलं, आणि तिथंच विरलं.

"हे तर माझ्या तोंडचे शब्द. भिंत शब्द गाळते म्हणालात ना?"

डॉक्टरबाईंनी मान खाली घातली.

"तुम्हाला इथं घर परवडावं, असं मला मनापासून वाटतं," उठताना त्या म्हणाल्या. "भिंतीतलं यंत्र सहजनाद मोजतं. तो आटला की घर दुसऱ्या कुटुंबाला जातं. मी आले होते, हे... विसरून जा."

संध्याकाळी दिवा लागला. सुगंधानं सगळं हणमंतच्या कानात सांगितलं होतं. वडील म्हणायचे, समोर कितीही श्रोते असोत, कीर्तन देवाकडं तोंड करून करावं. तिनं डोळे मिटून झांज उचलली. आवाज छान लागला. इतका छान, की तिचाच तिला संशय आला. हे विठ्ठलासाठी चाललंय, की घरासाठी?

"जरा मोठ्यानं म्हण की," हणमंत कुजबुजला.

सकाळचं सगळं तनूनं कोपऱ्यात बसून ऐकलं होतं. आईकडं धावताना ती पाटाला अडखळून आपटली. गुडघा फुटला, ओठ थरथरले. सुगंधानं हात पसरले. पण तनू उठली, लंगडत पूर्वेच्या भिंतीपाशी गेली, भिंतीकडं तोंड करून नीट उभी राहिली, आणि मग तिनं भोकाड पसरलं.