तांब्याला पडलेला पोचा

"आबा, दूध पाजू नका!" असं किंचाळत आक्काताई धावली आणि जन्मदात्या बापाच्या हातावर तिनं असा फटका मारला, की दुधानं भरलेला पितळी तांब्या उंबऱ्यावर आपटून गडगडत अंगणात गेला... दारात जमलेल्या साऱ्या गल्लीनं ते पाहिलं!

अठ्ठ्याण्णव साल उजाडून अजून बारा तासही झाले नव्हते. साताऱ्यातल्या त्या घराच्या सोप्यात तिचा वीस वर्षांचा भाऊ कपिल सतरंजीवर पडला होता. अंग तव्यासारखं तापलेलं, दात करकरा आवळलेले, डोळे अर्धवट उघडे, हाक मारावी तर ओ नाही... आणि त्याला जीपमधून घेऊन आलेला त्याचा दोस्त अवधूत खांबाला टेकून नुसता म्हणत होता, "रात्री कायतरी खाल्लं काका... कायतरी खाल्लं..."

आबा, म्हणजे नाथाजी, मूळचे विट्याचे, गलाईवाले. सोनं गाळण्यात जन्म गेला. तेजाबाचा धूर छातीत गेला की गडी घटाघटा दूध पितो आणि पुन्हा भट्टीपुढं बसतो, हे चाळीस वर्षं पाहिलेलं. पोराच्या पोटात विष गेलंय एवढं त्यांना उमगलं आणि हात आपोआप तांब्याकडे वळला. त्यांची माया खोटी नव्हती... पण खऱ्या मायेनंही माणूस मरतो!

"बापावर हात टाकतीस?" नाथाजींनी भट्टीवरच्या जुन्या गड्याला हाक मारली. "अर्जुना, दुसरं दूध आण रं!"

"अर्जुनामामा, जाग्यावरनं हलू नका!" आक्काताईनं कपिलला कुशीवर वळवलं, अंगावर ओली चादर टाकली. "शुद्धीत न्हाई त्यो. घशातनं सरळ छातीत जाईल दूध!"

"लय शानी झालीस! तुझी आई गेली तवा मीच हुतो जवळ. धुरानं गेली ती. म्या दूध पाजलं म्हणून तेवढी तरी तग..."

"दुधानंच गेली आई!"

शब्द सुटला... पंधरा वर्षं दाताखाली धरून ठेवलेला शब्द! दुकानात धुरानं कोसळलेल्या आईच्या तोंडात आबांनी असाच तांब्या रिता केला होता, आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात डॉक्टरांनी सोळा वर्षांच्या आक्काला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "बाळ, धुरातून त्या वाचल्या असत्या. दूध फुफ्फुसात गेलं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात थेंबही घालायचा नसतो." ते वाक्य तिनं गिळलं. बापाला कळलं तर तो उभा जळेल, म्हणून गिळलं! पाच वर्षांच्या कपिलला पोटाशी धरलं, चालून आलेली दोन स्थळं परत पाठवली, आणि 'जिभेची तिखट म्हणून बिनलग्नाची राहिली' हे बोलणं मुकाट ऐकत राहिली.

नाथाजी मटकन खाली बसले. त्यांचे हात मात्र तसेच पुढं, ओंजळीसारखे, रिकामे...

"उचला त्याला!" आक्काताई अर्जुनावर ओरडली. "आबा, रडायचं ते मागनं! जीपमदी बसा!"

वाटेत तिनं अवधूतला धारेवर धरलं. काल वाईला मित्राच्या बहिणीची हळद आहे, असं कपिलनं सांगितलं होतं. ते खोटं आहे हे ओळखूनसुद्धा तिनंच आबांकडून त्याची सुटका करून दिली होती. "पोरगं हाय, नाचू दे एक रात," असं वाटलं होतं तिला! कुठली हळद? थर्टीफर्स्टची पार्टी! धोम धरणाच्या पाण्याकाठी कुणाचं तरी शेतघर, पुण्यामुंबईची पोरं, पत्र्याच्या शेडमध्ये छाती फुटेस्तोवर वाजणारे स्पीकर, हातोहात फिरणाऱ्या नशेच्या गोळ्या, आणि तीनशे रुपये तिकीट घेणाऱ्या त्या हरामखोरांनी आत नळाची तोटीसुद्धा काढून ठेवलेली, का, तर पाण्याच्या बाटल्या खपाव्यात! डॉक्टर? डॉक्टरची आठवण कुणाला असते!

"किती खाल्ल्या?"

"एक... मग चढंना म्हणून तासाभरानं दुसरी. मी पण एक खाल्ली, ताई. मला काहीच नाही झालं!"

"आन् त्यो पडला कवा?"

"पहाटे... दारूसारखी उतरेल म्हणून जीपमध्येच झोपवला..."

पहाटे! आणि आता दुपारचे बारा! आक्काताईच्या मांडीवरचं ते डोकं विस्तवासारखं जळत होतं, मध्येच सगळं अंग ताठ होत होतं, आणि पोवई नाक्यावर कुणाची तरी वरात आडवी उभी होती...

दवाखान्याच्या पायरीवर अवधूतनं तिचे पाय धरले. "ताई, जेवणातून विषबाधा झाली म्हणू. पोलीस केस होईल. माझे वडील मला जिवंत सोडणार नाहीत!"

आणि नाथाजीसुद्धा, तशा अवस्थेतही, खालमानेनं पुटपुटले, "आक्का... सोन्याचा धंदा हाय. नशेबाजाच्या घरात उद्या कोण इस्वासानं सोनं टाकंल? गप ऱ्हा. आजवर ऱ्हायलीस तशी..."

अब्रू! पोरगं मरणाच्या दारात, आणि बाहेर बसून अब्रूला वारा घालायचा!

"एकदा गप ऱ्हायले आबा. तवा आई गेलीच हुती, माज्या बोलण्यानं माघारी येणार नव्हती. ह्यो अजून हाय!" आणि अवधूतची कॉलर धरून तिनं त्याला फरफटत आत नेलं. "डॉक्टरसाहेब, नशेची गोळी खाल्लीया. दोन. रात्रभर बिनपाण्याचा नाचलाय, पहाटेपास्नं बेसूद हाय. उरली आसंल ती काढ रं!"

अवधूतनं रडत रडत पॅन्टच्या खिशातून कॅमेऱ्याच्या रोलची डबी काढली. आत उरलेली एक पांढरी गोळी.

डॉक्टरांनी डबी हातात घेतली. "पोलिसांना कळवावं लागेल, ते होईल. पण बरं झालं सांगितलंत. विषबाधा समजून बसलो असतो तर तास गेला असता... आणि तेवढा वेळ याच्याकडे नाही. बर्फ आणा!" मग अवधूतकडे वळून म्हणाले, "तूही तिथं झोप. तुलाही तपासतो."

दोन दिवस, दोन रात्री... कधी ताप उतरे, कधी लघवीच बंद होई! हवालदार येऊन जबाब घेऊन गेला. नाथाजी व्हरांड्याच्या टोकाला बसून होते, लेकीकडे न बघता, अन्नाला न शिवता. घराचं दार आपल्याला बंद झालं, हे आक्काताईनं मनोमन धरलंच होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी कपिलनं डोळे उघडले.

"आक्का... आवदूला बोल लावू नगंस. त्यानं दिली खरी, पर तोंड माझंच हुतं. दुसरी तर म्याच मागून घेतली."

"कळतंय न्हवं तुला? मग बरा हो आदी. मारायची ऱ्हायलीया तुला अजून!" असं म्हणून ती हसली आणि हसता हसता उशीत तोंड खुपसून हमसाहमशी रडली.

दारात नाथाजी उभे होते. ते पोराकडे गेले नाहीत. लेकीसमोर आले.

"तुला ठावं हुतं... तरी पंधरा वर्सं तू माज्या ह्याच हातांना ताट वाढून दिलंस?"

"तुमाला ठावं नव्हतं, आबा. तुमी मायेनंच पाजलंसा."

"माया!" म्हाताऱ्याचा हुंदका फुटला. "काल अर्जुनाला धाडला. आपल्या गावाकडच्या सगळ्या गलाईवाल्यांस्नी सांगाया. म्हणलं, माजं नाव घेऊन सांग... नाथाजीनं बेसूद बायकूला दूध पाजून कशी मारली ते!"

"आबा!"

"सांगू दे. तुजं वझं हाय ते, आता माज्याकडं दे."

त्यांनी पंच्याखालून तांब्या काढला. तोच, कुशीला पोचा पडलेला. आत कोमट दूध होतं. तो त्यांनी लेकीपुढं धरला...

"तीन दिस पोटात काय न्हाई तुज्या," ते म्हणाले. "शुद्धीत हायस न्हवं? मग पी."