सतरावी वॉर्निंग

बुऱ्हाणपूरच्या दवाखान्याच्या दारात माझ्या लेकीनं, मुनीनं, केळ्यानं बरबटलेला हात एका अनोळखी माणसाच्या पॅन्टला पुसला. मी ओशाळले. तो मात्र वाकून तिला म्हणाला, "दुसरा पण पूस."

तो प्रभाकर, खकनारचा. मी दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर लसीकरणाच्या चिठ्ठ्या छापते, त्यासाठीची स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, त्यानंच लिहिलेली. गेला आठवडाभर ती कधीही चालवली की स्क्रीनवर एकच ओळ सतरा वेळा उमटायची – ओळ एक्केचाळीस, व्हेरिएबलला किंमत दिलेली नाही, म्हणजे नावाची एक जागा रिकामीच. म्हणून मीच फोन करून त्याला बोलावलं होतं.

चिठ्ठ्या तर निघतायत, मग वॉर्निंग बंदच करून टाकतो, असं त्याचं म्हणणं. मी ऐकेना. नावाची जागा कोरी असलेली चिठ्ठी गावात कुणाच्या घरी देणार? एखाद्या लेकराचा डोस चुकला तर?

"तुम्ही फार टेन्शन घेता, मॅडम."

"आई आहे मी."

"ते तर दिसतंय… माझ्या पॅन्टवर."

मी हसले. कितीतरी दिवसांनी.

मग मीच सुचवलं, प्रत्येक वॉर्निंगपुढे बाळाचा नोंदणी-नंबर छापा. त्यानं तसं केलं आणि त्या नंबरांचे सतरा नोंदणी-फॉर्म आम्ही टेबलावर मांडले. सगळ्यांवर वडिलांच्या नावाची जागा कोरी. त्यातल्या सोळा आया खेड्यांतल्या. मालूबाई नर्सनं नवऱ्याचं नाव विचारल्यावर पदर तोंडाला लावून गप्प बसलेल्या. मालूबाईनंही तसंच पुढं ढकललेलं. त्याची आईसुद्धा अजून 'प्रभाकरचे बाप' असंच म्हणते, तो सांगत होता…

सांगता सांगता थांबला. सतराव्या फॉर्मवर अक्षर माझं होतं. मुनीचा फॉर्म.

"फारकत झाली," मी म्हटलं. "ते नाव… लिहावंसं नाही वाटलं."

त्यानं तो फॉर्म उचलून बाकीच्या सोळांत ठेवला. कीबोर्ड जवळ ओढला. व्हेरिएबलमध्ये सुरुवातीलाच आईचं नाव भरून ठेवतो, म्हणाला, वडिलांचं मिळालं तर ते लागेल. नाही मिळालं तर आई आहेच. गावातली सेविका आईच्या नावानंही घर शोधते.

स्क्रिप्ट चालली. एकही वॉर्निंग नाही. आणि लगेच मनात आलं – आता हा कशाला येईल? जाताना दारात म्हणाला, येत्या सोमवारपासून इंदूरला नोकरी आहे. मुनीच्या केसांवरून हात फिरवला, माझ्याकडे बघितलं… आणि बस गाठायला निघून गेला.

चार दिवस मी ती स्क्रिप्ट उगाच चालवत राहिले. स्क्रीन स्वच्छ. मनाला समजावत होते, पदरात लेकरू आहे, एकदा पोळलीयेस, गप्प बस. शनिवारी दुपारी मुनी झोपली होती. मी फोन लावला.

"काय झालं? कोणती ओळ?"

"कोणतीच नाही."

पलीकडे खडखड, हॉर्न.

"मुनी विचारत होती…" म्हणता म्हणता अडखळले. लेकराला का मध्ये घ्यायचं? "मी विचारतेय. जायच्या आधी… येता?"



"लीला," तो म्हणाला. मॅडम नाही, नुसतं लीला. "मी बुऱ्हाणपूरच्या बसमध्येच बसलोय. येऊन बहाणा कोणता सांगू, तेवढंच सुचत नव्हतं."