खडकाखालची मोकळी जागा

"तुम्ही देवीला उघडी करून बघणार?" एलाडियोनं मला विचारलेला हा पहिला प्रश्न!

कुस्कोच्या आमच्या चित्रदुरुस्तीच्या कार्यशाळेत तो डोंगरावरच्या गावातून आला होता, कुमारी मातेचं जुनं चित्र घेऊन. तिला एकटीला गावाबाहेर धाडायचं नाही, राखणदार सोबत हवाच, ही त्यांची रीत. मामाकडून भाच्याकडे आलेलं काम ते. आणि राखणदारानं लग्न करायचं नाही... हीही रीतच, मेली.

"उघडी नाही हो," मी म्हटलं. "डोळ्यांना न दिसणारा उजेड रंगाखाली शिरतो. मग चित्रकारानं आधी काढलेल्या कोळशाच्या रेघा पडद्यावर दिसतात."

"तेच ते," म्हणून तो भिंतीकडे तोंड करून बसला. रोज तसाच. मी पाठीच्याच प्रेमात पडले म्हणा ना.

"मान आखडेल हं."

"तुमचा आवाज ऐकायला मान कशाला वळवायला हवी, नेलिदा?" तो म्हणे, आणि मागे न बघता मक्याच्या घुगऱ्या सरकवी. बोटाला बोट लागे... हात मागे घ्यायला दोघंही विसरायचो.

उद्या चित्र परत जाणार होतं. तोही.

भर दुपारी झडपा लावून मी चित्राचा शेवटचा कोपरा तपासायला घेतला. तिथे पहिला राखणदार रंगवलेला होता, गुडघे टेकून, देवीकडे पाठ करून काळ्या खडकाकडे टक लावून.

"देवीला सवत खपत नाही," एलाडियो भिंतीशीच पुटपुटला. "दुसरीकडे बघितलं, म्हणून तिनंच मान फिरवली त्याची."

मेणाचा वास आला. मेणबत्ती तर कुणी लावली नव्हती.

पडद्यावर खडक विरत गेला. खालून शाल आली, जोडलेले हात, केसांत नवरीची फुलं. चेहऱ्याच्या जागी मात्र नुसता काळा गोल.

"एलाडियो, बघ ना इकडे."

"नाही."

"खडक नंतरचा आहे. खाली नवरी आहे, चेहरा काढायचा राहिलेली. ती आलीच नसेल... लग्न न करायचं व्रतबित काही नव्हतं रे त्याचं. तो वाट बघत होता!"

मी पडद्यावर वाकले, आणि गोलात डोळे उघडले. माझंच प्रतिबिंब, दुसरं काय! पण मी मागे सरले तरी ते डोळे तिथेच राहिले.

माझी किंकाळी ऐकून तो वळला. आधी पडदा पाहिला, मग मला. पहिल्यांदाच असं डोळे भरून.

"ही... तू आहेस."

"घाबरलास?"

"हो. पण आता पाठ फिरवणं जमायचं नाही." तो जवळ आला. "गावाला काय सांगू?"

"मीच येते सांगायला. राखणदाराला एकटं धाडायचं नाही, अशी नवी रीत पाडू."

तो हसला आणि त्यानं माझा हात धरला. पडदा बंद केला, तरी मेणाचा वास रेंगाळत होता.