उंबरठ्याबाहेरचे पंधरा दिवस

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधोमध अडकली तेव्हा तिच्या कडेवर सात महिन्यांचा बोळक्या होता, पायांशी आणखी दोन मुलं आणि हातात भिजलेली छत्री. तिने धोक्याची बेल दाबली, मुलांना खाली बसवलं आणि आकडे म्हणायला लावले. एकशे सत्तेचाळीसपर्यंत गाडी आली, तेव्हा वरचं दार वीतभर सरकलं. आधी दिसले बूट – तेलकट, पण नाड्या नीट बांधलेल्या. मग वाकून बघणारा एक चेहरा.

"ताई, कोणी बाहेर चढायचा प्रयत्न करू नका. मी लिफ्ट वर आणतो. किती जण आहात?"

"तीन मुलं, मी आणि एक छत्री."

"छत्री घाबरलीय का?"

"नाही. गळतेय."

तो हसला. "घरी कोणाला कळवायचंय? काळजीत असतील."

"कोणी नाही," ती म्हणाली. "मुलांच्या आया साडेपाचला येतील. तोवर सोडवलंत तर बरं होईल."

दहा मिनिटांत लिफ्ट चौथ्या मजल्याला टेकली. तो तपासणीच्या कागदावर सही करत उभा होता. सही करता करता त्याची नजर तिच्या दारावरच्या पाटीवर गेली. घरगुती पाळणाघर, आणि खाली तिच्याच वळणदार अक्षरात – लसीकरणाचं कार्ड पाहिल्याशिवाय मूल घेतलं जाणार नाही. ओळख, घाई, रडणं यांपैकी काहीही चालणार नाही.

"रडणं मुलांचं की पालकांचं?" त्याने विचारलं.

"पालकांचं. मुलं समजूतदार असतात."

नियम तिने उगीच केला नव्हता. बोळक्या अपुऱ्या दिवसांचा. नऊ महिने पूर्ण झाल्याशिवाय त्याला गोवराची लस मिळणार नव्हती. तोवर बाकीच्या मुलांनी दंडावर टोचून घेतलेलं हेच त्याचं संरक्षण. सहा वर्षांत एकेचाळीस मुलं तिच्या हाताखालून गेली होती. वहीत प्रत्येकासमोर 'कार्ड पाहिले' अशी खूण होती आणि एकही खूण खोटी नव्हती.

बेचाळिसावी मात्र होती.

तिसऱ्या दिवशी लिफ्टवाला आला तो साडेचार वर्षांच्या भाचीला घेऊन. तिचं घरातलं नाव बटण, कारण लिफ्टमध्ये शिरली की ती सगळ्या मजल्यांची बटणं दाबायची. आई दोन महिन्यांच्या प्रशिक्षणाला दुसऱ्या गावी गेलेली. मामा तिला कामावर घेऊन हिंडत होता. पोरीच्या कोपरापर्यंत वंगण माखलेलं.

"कार्ड बहिणीच्या खोक्यांत कुठेतरी आहे. सगळं टोचून झालंय म्हणते. उद्या शोधून आणतो... चालेल?"

चालेल म्हणण्यासारखं काही नव्हतं. पण त्याने बोलता बोलता खिशातला रुमाल काढून बटणच्या कपाळावरचा काळा डाग पुसला, तो इतक्या हलक्या हाताने, की तिचं पेन आपसूक चाललं. कार्ड पाहिले. खूण.

उद्याचे चार दिवस झाले. तो संध्याकाळी भाचीला न्यायला यायचा, पाच मिनिटं थांबायचा, बंद पडलेल्या लिफ्टमध्ये माणसं काय काय बोलतात ते सांगायचा. तो गेल्यावर तिला आठवायचं – अरेच्चा, कार्ड राहिलं. निदान ती स्वतःला असंच सांगायची, की विसरले.

पाचव्या दिवशी बोळक्याची आई आली. ती बसमध्ये कंडक्टर होती आणि बोलणं तिकीट फाडल्यासारखं.

"ताई, आमच्या डेपोमागच्या वस्तीत गोवर निघालाय. तुमच्याकडे सगळ्यांची कार्डं बघितलेली आहेत ना?"

हो म्हणणं सोपं होतं. वहीतही तेच लिहिलेलं होतं. पण रोज सकाळी हात जोडून 'आज खोटं बोलायला लावू नकोस' म्हणणाऱ्या बाईला ते एका अक्षराचं हो जमेना.

"एकीचं नाही बघितलं," ती म्हणाली.

कंडक्टरबाईंनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. "सहा वर्षांत पहिल्यांदा. असा कोण लागून गेलाय एवढा–" तेवढ्यात दारात तेलकट बूट येऊन थांबले. बाईंनी बुटांकडे पाहिलं, मग ताईच्या कानांकडे. कान लाल झाले होते.

"अस्सं होय," बाई म्हणाल्या. "माझं काय म्हणणं नाही. पण मी तिकीट बघितल्याशिवाय सख्ख्या दिराला बसू देत नाही. उद्यापासून एक तर ती मुलगी नाही, नाही तर माझा मुलगा नाही. तुम्ही ठरवा."

"ठरलंय," ती म्हणाली.

बाई गेल्यावर तिने त्याला सगळं सांगितलं. बटण उद्यापासून येणार नाही. वहीतली खूण खोटी आहे, हेही.

त्याचा चेहरा उतरला. रागाने नव्हे. "न बघता सही केलीत?"

"केली."

"आमच्यात लिफ्टचा दोर डोळ्यांनी बघितल्याशिवाय कोणी सही करत नाही. केली तर माणूस पडतो."

"माहितीय."

"एकेचाळीस जणांच्या वेळेस नाही केलीत. मग माझ्या वेळेस का?"

तिने वही मिटली, पुन्हा उघडली. "घाईत झालं."

"पाटीवर लिहिलंय, घाई चालणार नाही."

तिने पेनाला टोपण लावलं. त्याला उत्तर मात्र कुठूनतरी मिळालं असावं, कारण जाताना त्याचे बूट जरा हळू वाजले.

रात्रीच त्याने बहिणीला फोन केला. तीन वर्षांत तीन घरं बदलण्यात गोवराचा दुसरा डोस राहिला होता, हे बहिणीने रडत कबूल केलं. सकाळी तो भाचीला आरोग्य केंद्रात घेऊन गेला. लस घेतली, कार्ड नवं करून घेतलं आणि संध्याकाळी पाळणाघराच्या दाराबाहेर येऊन ते लांबूनच दाखवलं. मुलं घरी गेलेली होती.

तिने कार्ड हातात घेऊन शेवटच्या शिक्क्यापर्यंत वाचलं. "लस अंगात भिनायला वेळ लागतो. पंधरा दिवसांनी पाठवा."

"पंधरा?"

"नियम आहे."

"तुम्ही परत नियमावर आलात हे बरं झालं," तो म्हणाला. "मला जरा भीती वाटली होती."

"कसली?"

"माझ्यामुळे बिघडलात याची. साठलेली रजा आहे, सांभाळतो मी तिला."

पण पंधरा दिवस तो रोज सहाला आला. बटण पायऱ्यांवर बसून 'मावशी, आज मी काय केलं सांगू' अशी सुरुवात करायची आणि मामाची सगळी अंडीपिल्ली बाहेर काढायची – मामाला वेणी येत नाही, मामा आरशासमोर केस तीनदा विंचरतो, आधी विंचरत नव्हता. तो बाहेर भिंतीला टेकून, ती आत चौकटीला. मध्ये उंबरठा.

"मी आत येऊ शकतो ना?" एकदा त्याने विचारलं.

"मोठ्यांबद्दल काही लिहिलेलं नाही."

"मग आधी लिहा. मी थांबतो."

कधीतरी त्या दिवसांत तिच्या लक्षात आलं, की तो ताई म्हणेनासा झालाय. दुसरंही काही म्हणत नव्हता. वाक्य सुरू करायच्या आधी एक जागा मोकळी सोडायचा.

तेराव्या दिवशी तो म्हणाला, "बहिणीचं प्रशिक्षण आटोपलं. रविवारी येतेय. तिथेच नोकरी लागलीय, बटणला घेऊन जाईल."

"म्हणजे इथे यायचे दोनच दिवस तिला."

"दोनच."

मग त्यानंतर तो कशाला येणार? लिफ्ट धडधाकट चालत होती. त्याने दुरुस्तीच तशी केली होती. तिला पहिल्यांदा चांगल्या कामाचा राग आला.

ठरल्याप्रमाणे पंधरा दिवस झाल्यावर बटण परत आली. कंडक्टरबाईंनी कार्ड स्वतः तपासलं, तिकिटासारखं उलटसुलट करून, आणि मग बोळक्याला तिच्या शेजारी ठेवलं. "पोरगी गुणाची आहे," बाई जाताना हळूच म्हणाल्या. "ताई, प्रत्येक मुलाच्या कागदावर तुम्ही लिहून घेता – गरज पडल्यास कोणाला बोलवायचं. वहीत तुमचाही एक कागद आहे, त्यावर ती ओळ सहा वर्षं कोरी आहे. लिफ्टमध्ये पुन्हा अडकलात तर मी काय डेपोतनं येऊ?"

शेवटच्या दिवशी सहाला तो आला. बटण मावशीच्या गळ्यात पडली, मग लिफ्टपाशी जाऊन एकही बटण न दाबता उभी राहिली. निरोपाची तिची तीच रीत असावी.

तिने वहीतली बेचाळिसावी ओळ काढली. त्या खोट्या खुणेवर रेघ मारून शेजारी खरी तारीख तिने केव्हाच घातली होती. आता पुढे लिहिलं – सोडून गेली. मग एक दुसरा कागद काढून उंबरठ्यावरून त्याच्यापुढे धरला.

"हे काय?"

"माझा कागद. एक ओळ कोरी आहे."

त्याने वाचलं. गरज पडल्यास कोणाला बोलवायचं. तो त्या एका ओळीतच अडकला.

"आणि गरज नाही पडली तर?" त्याने विचारलं.

"तरीही," ती म्हणाली. "रोज सहाला."

त्याने पेन घेतलं. टोक कागदाला टेकणार, तोच तिने कागद मागे ओढला.

"आधी कार्ड."

"कोणाचं?"

"तुमचं. मोठ्यांबद्दलचा नियम काल लिहिलाय. तुम्हीच म्हणाला होतात, लिहा म्हणून."

पाटीवर खरंच एक नवी ओळ होती, शाई अजून गडद. त्याने ती वाचली. मग शर्टाच्या खिशात हात घालून घडी केलेलं एक पिवळं कार्ड काढलं, घामाने मऊ पडलेलं.

"बटणबरोबर त्याच दिवशी घेतलं. डांग्या खोकल्याच्या लसीचं. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, लहान बाळाच्या घरात जाणं-येणं असेल तर मोठ्यांनीही घ्यावं." तो थांबला. "मी म्हटलं, असणार आहे."

तिने कार्ड उजेडात धरलं. नाव वाचलं, तारीख वाचली, शिक्का वाचला. सतरा दिवस ते त्याच्या खिशात होतं आणि तो उंबरठ्याबाहेर भिंतीला टेकून उभा होता.

"दाखवलं का नाहीत?"

"तुम्ही मागितलं नव्हतं."

ती दारातून बाजूला झाली. "बूट बाहेर काढा," ती म्हणाली, "मुलं रांगतात इथे."

लिफ्टपाशी बटणने मान वळवून पाहिलं. मामा खाली बसून नाड्या सोडत होता आणि त्याला त्या सुटत नव्हत्या. बटणने जिभेने टॉक असा आवाज केला आणि शेवटी लिफ्टच्या उघड्या दारातून हात घालून मनसोक्त सगळे मजले दाबले.