योन्हा येणार नाही

चितेवर ठेवलेल्या बाईच्या भोवती जमलेली माणसं वऱ्हाडी आहेत, असं कोणी कोणाला सांगतं का हो? पण लेस्टरच्या हॉस्पिटलातल्या डोळ्यांच्या वेटिंग रूममध्ये, ऑक्टोबरातल्या एका भिजट दुपारी अगदी तेच चाललं होतं. आणि तेही मराठीत!

"आता ना काका, सगळे लोक व्हाइट कपडे घातलेत. फुलं आहे. खूप फुलं. कारण... कारण लग्न आहे."

"कुणाचं?" उशीतून आवाज आला.

"त्या घोडेवाल्या चीफच्या... बहिणीचा."

"थेगानला बहीण कधी झाली?"

"न्यू कॅरेक्टर आहे."

उल्का शेजारच्याच खुर्चीत बसली होती. सकाळी लेन्स काढताना नख लागून तिच्या उजव्या डोळ्याला ओरखडा पडला होता आणि आता त्यावर पट्टी होती. उरलेल्या एका डोळ्याने तिने पाहिलं. एक म्हातारे गृहस्थ समोरच्या टेबलावर उशा रचून त्यांत तोंड खुपसून बसलेले. त्यांच्या बाजूला एक उंच तरुण, हातात फोन. फोनवर ती कोरियन मालिका चालू होती. हेबारा नावाचा प्राचीन प्रदेश, जिथे नद्या डोंगर चढतात, सारस पक्षी माणसांशी बोलतात, आणि योन्हा नावाची पुजारीण त्या सारसांचं ऐकून टोळ्यांमधली युद्धं थांबवते. उल्काने ती मालिका डोळे सुजेपर्यंत पाहिली होती. हा प्रसंग तर तिला पाठ होता. थेगानवर सोडलेला विषारी बाण योन्हाने स्वतःच्या छातीवर घेतला होता आणि ही तिची अंत्ययात्रा होती.

"अहो, हे लग्न नाहीये!" ती न राहवून म्हणाली.

तरुणाने चमकून वर पाहिलं. पांढराफटक पडला बिचारा. फोन मांडीवर टाकून त्याने तिला चक्क हात जोडले... मग ओठांवर बोट ठेवलं... मग पुन्हा हात जोडले.

आता करायचं काय?

"म्हणजे... साखरपुडा आहे," उल्का म्हणाली.

"मराठी मुलगी!" उशी आनंदाने ओरडली. "नकुल, हिला जाऊ देऊ नकोस. हिला तुझ्यापेक्षा जास्त कळतं."

नकुलने तिला जाऊ दिलं नाही. काकांना तपासायला आत नेल्यावर त्याने तिला मशीनमधली कॉफी आणून दिली. ती भयंकर होती, पण त्याने ती इतक्या अपराधी चेहऱ्याने दिली की तिने प्यायली.

"आमच्या फॅमिलीत इथे पहिले आले ते कमलाकरकाका. भूल देणारे डॉक्टर होते, याच शहरात," तो सांगत होता. "आता त्यांच्या रेटिनाचं ऑपरेशन झाला. डोळ्यात गॅसचा बबल ठेवलाय. म्हणून दोन वीक्स मान खाली. झोपायचं पण उपडं, खायचं पण उपडं."

"आणि म्हणून तू त्यांना काहीही सांगतोस?"

"ही सिरीज मधुमतीकाकूची होती," तो हळूच म्हणाला. "दोघं मिळून बघायचे. त्यांना मुलं नाही. काकू त्या योन्हाला 'आपली पोर' म्हणायची. फेब्रुवारीत काकू गेली... पहिला सीझन अर्धाच राहिला. आणि आता मी काकांना सांगू, की योन्हा पण मेली? मला जमलं नाही. मी तिला यात्रेला पाठवलं. सॉल्ट सीच्या पलीकडे."

"ती परत कधी येणार?"

"काका वर बघायला लागले की बघू."

असं म्हणून तो हसला. उल्काने मनातल्या मनात देवाचे आभार मानले, की आज आपल्याला एकाच डोळ्याने दिसतंय. दोन्ही उघडे असते तर काही खरं नव्हतं.

"तुझा डोळा हर्ट करते का?" त्याने वाकून विचारलं.

"कुठला? बांधलेला की उघडा?"

त्याला ते कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर तो कानापर्यंत लाल झाला.

दुसऱ्या दिवसापासून उल्का युनिव्हर्सिटीतलं काम आटोपलं की ओडबी उपनगरात काकांच्या घरी जाऊ लागली. बोलावणं काकांचं होतं, हे ती स्वतःला बजावत असे. नकुल शाळेत फिजिक्स शिकवायचा. हाफ-टर्मची सुट्टी होती म्हणून तो काकांकडेच राहायला आला होता. काकांसाठी भाड्याने आणलेल्या खास खुर्चीत चेहऱ्यासाठी भोक होतं. त्यातून ते गालिचा बघत, स्ट्रॉने चहा पीत आणि माणसं मोज्यांवरून ओळखत.

"हिरवे मोजे. म्हणजे उल्का आली. सुरू करा रे!"

आणि मग काय विचारता! पुरुषांचे आवाज नकुलचे, बायकांचे उल्काचे, घोडे दोघांचे. पडद्यावर थेगान योन्हाच्या समाधीवर डोकं टेकून रडायचा आणि इकडे नकुल सांगायचा, "त्याची पाठ दुखते काका, लढाई खूप झाली." उल्का हसू दाबायला उशी तोंडात धरायची. नकुल तिच्याकडे बघायचा, ती पडद्याकडे. मग ती त्याच्याकडे बघायची आणि तो घाईघाईने पडद्याकडे. पडद्यावर कुणाची मान उडाली तरी दोघांना पत्ता नसे.

"मला गालिच्यावरचं सगळं दिसतं बरं का," काका एकदा म्हणाले. "सोमवारी हे मोजे दोन टोकांना होते. आज मधे मांजरसुद्धा मावणार नाही."

दोघंही चटकन सरकले... आणि थोड्या वेळाने होते तिथे परत आले.

पण काका मधूनच विचारायचे, "आपली पोर कुठवर आली रे?" नकुल सांगायचा, "वाटेत आहे, काका." ते ऐकताना उल्काचं हसू कुठल्या कुठे जायचं. एवढ्या गोड आवाजात, इतक्या सहज!

शनिवारी ती चहा करत होती. नकुल कप विसळत होता. ती म्हणाली, "मला एडिनबराला नोकरी मिळतेय. तिथल्या युनिव्हर्सिटीत, आहे त्याच्यापेक्षा खूप चांगली. सोमवारी कळवायचंय."

नकुल अगदी उजळ चेहऱ्याने म्हणाला, "अमेझिंग! जा ना, डेफिनेटली. एडिनबरा इज लव्हली. मी तर खूश आहे!"

कप केव्हाच स्वच्छ झाला होता. तरी तो विसळतच होता.

"नकुल, माझ्याकडे बघून सांग."

"सांगितला ना... खूश आहे."

"माझीही योन्हा केलीस?" उल्काचा आवाज चढला. "मला पण यात्रेला पाठवतोयस?"

"मी तुला अडवू नये म्हणून—"

"माझे बाबा आजारी होते," ती एकदम म्हणाली. चहा उतू गेला, तिचं लक्ष नव्हतं. "मी इथे परीक्षा देत होते. रोज नाशिकला फोन करायचे. आई म्हणायची, ठीक आहेत. दादा म्हणायचा, ठीक आहेत. शेजारचे श्रीकांतकाकासुद्धा म्हणाले, जरा सर्दी आहे गं, तू अभ्यास कर. पोर एवढ्या लांब एकटी, तिला कशाला घोर लावायचा! सगळ्यांनी ठरवून, प्रेमाने केलं. मी पोचले तेव्हा बाबांच्या फोटोला हार घातलेला होता." तिने गॅस बंद केला. "तेव्हापासून कोणी प्रेमाने 'ठीक आहे' म्हटलं ना, की मला धडकी भरते. आणि तू तर नुसतं तेवढंच बोलतोस रे!"

तिने कोट घेतला आणि ती निघून गेली. बसस्टॉपवर उभी राहून ती पोटभर रडली. आवडला होता हो तिला तो, अगदी मनापासून आवडला होता. पण ज्याच्या शब्दावर विसंबता येत नाही अशा माणसाचं करायचं काय? पावसाची भुरभुर होती, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही.

रविवारी सकाळी त्याचा फोन आला. "मी काकांना सांगणार आहे. आज. तू येशील? तू नसली तर माझा धीर होणार नाही."

ती गेली. काका खुर्चीत होते. नकुल त्यांच्या समोर गालिच्यावर मांडी घालून बसला, म्हणजे काकांना भोकातून त्याचा चेहरा दिसेल.

"काका, योन्हा यात्रेला गेली नाही. ती मेली. आपण हॉस्पिटलात बघत होतो, त्याच्या आधीच. तो लग्न नव्हता... तिचाच फ्युनरल होता. मी खोटं बोललो."

खुर्ची हादरली.

"इतके दिवस मी त्या पोरीची वाट बघत पडलोय उपडा!" त्यांचा आवाज फाटला. "जी येणारच नाही, तिची वाट बघायला लावलीस मला? अरे, घरात तेवढं एकच काम आहे का मला आता?"

नकुलच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. त्याने पुसलं नाही. "सॉरी काका. मला वाटला, तुम्हाला परत त्रास नको."

"त्रास!" काका पुटपुटले. मग त्यांनी विचारलं, "जवळ कोण होतं तिच्या?"

"काय?"

"जाताना. कोण होतं जवळ? मधूच्या वेळी मी फार्मसीत औषधं आणायला गेलो होतो. परत आलो तर... नीट सांग मला. काही गाळू नकोस."

नकुलने उल्काकडे पाहिलं. तिने होकारार्थी मान डोलावली.

मग त्याने सांगितलं. सगळं खरं, मोडक्यातोडक्या मराठीत, अडखळत. बाण कुठे लागला, थेगानने तिला कसं धरलं, ती सारसांना काय म्हणाली, थेगान पाणी आणायला उठला तेवढ्यातच ती कशी गेली. उल्का एक शब्दही बोलली नाही. खुर्चीच्या भोकातून गालिच्यावर टप... टप... थेंब पडत होते, आणि नकुल थांबला नाही.

"म्हणजे तोही पाणी आणायलाच गेला होता," काका शेवटी म्हणाले.

"हो, काका."

"पुढे काय करतो तो?"

"खूप रडतो. मग उठतो. मग सारसांची भाषा शिकतो."

"हं." काकांनी नाक ओढलं. "ते बघू आपण. पण आता खरं सांगा. आणि मला चहा द्या."

चहा करायला दोघं स्वयंपाकघरात आले. नकुलने किटली भरली, पण बटण दाबलं नाही. पाठमोराच उभा राहिला... मग वळला.

"एडिनबराचं पण खोटं होतं," तो म्हणाला. "मी खूश नाही. अजिबात नाही. काल रात्रभर मॅप बघत होतो, किती लांब आहे ते. तू जाऊ नये असं वाटते मला. पण तू राहिली आणि तुला ती नोकरी आठवत राहिली, तर ते पण मला नकोय. दोन्ही खरं आहे. आणि... मला तू आवडतेस, उल्का. आवडतेस म्हणजे... प्रेम आहे माझं. हे नीट बोललो का मी?"

"नीट बोललास."

"मग?"

उल्का त्याच्याजवळ गेली. त्याच्या गालावरचं पाणी तिने आपल्या बाहीने पुसलं आणि हात तिथेच ठेवला.

"मग मी जाणार आहे," ती म्हणाली.

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "खरं बोललो, तर तू जाणार?"

"खरं बोललास म्हणूनच जाता येईल मला. कालपर्यंत येत नव्हतं." ती हसत होती. "माझंही प्रेम आहे तुझ्यावर, वेड्या. मी तिकडून रोज फोन करीन. आणि तू 'ठीक आहे' म्हणालास, की मी निवांत झोपेन."

नकुलने तिला घट्ट जवळ घेतलं. बऱ्याच वेळाने तिच्या केसांतच तो म्हणाला, "आज ठीक नाहीये."

"माहीत आहे," उल्का म्हणाली. "माझंही नाही."