तिसऱ्या गिअरचा चढ

चढ संपायला जेमतेम शंभर पावलं उरली होती, आणि आमच्या गाडीनं मान टाकली. मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबून बसलेली, मागच्या सीटवर आई "शिवा शिवा" करतेय… एप्रिल महिन्याची दुपार, अहमदपूरच्या अलीकडचा रस्ता, आणि माणूस म्हणून औषधाला नाही!

तेवढ्यात खालून पाण्याचा टँकर आला. त्यातून एकानं उडी मारली, पळत येऊन आमच्या चाकामागे धोंडा लावला आणि खिडकीशी उभा राहिला.

"सोडा आता ब्रेक. गाडी कुठं पळून जात न्हाई. तेवढा जीवच न्हाई तिच्यात."

"आमच्या गाडीला नावं ठेवू नका," मी चिडून म्हणाले.

"गाडीला न्हाई ठेवून राहिलो. तिला ज्यानं असं ठेवलं, त्याला ठेवून राहिलो."

म्हणजे मलाच की! मी त्याच्याकडे रागानं पाहिलं, तर तो हसत होता.

तो साहेबराव. लातुरात नांदेड नाक्यावर त्याची पत्र्याची शेड होती. टँकर, जीप, मोटारी, काय येईल ते दुरुस्त करायचा. एकटाच राहायचा.

आणि मी महादेवी. निलंग्याच्या अडत्याची मुलगी. वडील गेले तेव्हा भावांनी दुकान घेतलं, शेत घेतलं. कंबर मोडलेली आई आणि चढ न चढणारी गाडी, ही दोन्ही माझ्या वाट्याला आली. लातूर जिल्हा नवा नवा झाला होता. कचेरीत मी हंगामी टायपिस्ट. पाटी नवी, खुर्च्या नव्या, आणि माणसं सगळी परगावची. पाच वाजले की जो तो आपल्या वाटेनं जायचा. मी खोलीवर यायची, चौथ्या दिवशी येणाऱ्या पाण्याची भांडी मोजायची आणि आईचे पाय चेपायची. दिवसभरात माझ्याशी कुणी दोन शब्द बोललं तर ते "ताई, ही कार्बन कॉपी" एवढंच. लई एकटी होते मी. उगाच कशाला लपवू?

त्यातच हदगावच्या शाळेतून कागद आला. शिक्षिकेची कायमची नोकरी, तेरा जूनला हजर व्हायचं. आईला एसटीत बसवणं शक्य नव्हतं, आणि हदगावची वाट त्याच चढावरून, म्हणजे गाडी तो चढ चढलीच पाहिजे. एका मोठ्या गॅरेजनं नवं इंजिन सांगितलं. माझा वर्षाचा पगार!

"इंजिन कशाला बदलता?" साहेबराव म्हणाला. "हाय त्यातच जोर हाय. कोंडलाय फक्त. मोकळा करू. दर रविवारी या."

पहिल्या रविवारी एअर फिल्टरमधून ओंजळभर धूळ निघाली, सायलेन्सरमधून काजळी. दुसऱ्या रविवारी त्यानं कार्बुरेटर धुतला, प्लग घासले. मग इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, उतरवलं, आतला कोळसा खरवडला आणि हेड लेथवर जरासं घासून आणलं.

"आता आतली हवा जास्त दाबली जाईल. दाबली की जोर येतो," तो म्हणाला.

मी तेलाच्या डब्यावर बसून पाने हातात द्यायची. शेडमधली बाबासाहेबांची तसबीर मी पहिल्याच दिवशी पाहिली होती. आईनं रात्री विचारलं, "आडनाव काय त्याचं?" मी म्हटलं, विचारलं नाही.

एकदा रेडिएटरमध्ये पाणी कमी पडलं. त्यानं सरळ आपला प्यायचा माठ रिता केला.

"आणि तुम्ही काय पिणार?"

"चहा. तुमी पाजला तर."

मी पाजला. कप घेताना त्याचं काळं झालेलं बोट माझ्या बोटाला लागलं, आणि तो एकदम म्हणाला, "डाग पडंल—"

"पडू द्या," मी म्हणाले. मग धीर करून विचारलं, "अख्खा नाका मला ताई म्हणतो. तुम्ही का नाही म्हणत?"

तो प्लग पुसत राहिला… पुसतच राहिला.

"म्हनू का?"

"…नको."

त्या दिवसापासून माझी पंचाईत झाली. गाडी नीट झाली की मी जाणार! मग मी काय केलं सांगू? ठिणगी कधी पडायची ते ठरवणारा एक डबा असतो, डिस्ट्रिब्युटर. त्याचा नट सैल करून डबा जरा फिरवला की गाडी मरगळते. साहेबरावाचं बघून बघून मी शिकले होते. शनिवारी संध्याकाळी आई डोळा लागून पडली की मी पाना घेऊन बाहेर जायची. रविवारी भोळा चेहरा करून शेडवर हजर. "पुन्हा दमतेय हो!" तो वाकून बघायचा, काही न बोलता पुन्हा जुळवायचा. असे तीन रविवार गेले.

बारा जूनला सामान भरलं. आभाळात ढगाचा तुकडा नव्हता. साहेबराव म्हणाला, "चढाच्या माथ्यापर्यंत येतो."

गाडी चढाला लागली. मी चौथ्यातून तिसऱ्यात आणली, आणि ती तिसऱ्यातच वर गेली, एकदाही न कुरकुरता. आईनं मागून टाळी वाजवली.

माथ्यावर त्यानं बॉनेट उघडलं आणि लांब पान्यानं तो डिस्ट्रिब्युटरचा नट आवळला. चांगला अंगाचा जोर लावून.

"आता हा तुमच्या हातानं फिरणार न्हाई," तो हळूच म्हणाला. "शनिवारी बी न्हाई."

कानशिलं तापली माझी. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"पयल्या खेपंपासून."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुमी फिरवला नसता."

"…आणि आज का आवळला?"

"कायमची नोकरी हाय. आईला सांभाळायचं हाय. माझ्यापायी कुठं चढावर अडकू नका."

बोलायला हवं होतं मी. तोंडापर्यंत आलं होतं. आईनं मागून हाक मारली, "महादेवी, ऊन लागतंय," आणि मी मुकाट्यानं गाडी चालू केली. आरशात तो एसटीची वाट बघत उभा दिसला.

हदगावात सगळं चांगलं होतं. पगार वेळेवर, मुली गुणी. आणि मी लातुरात होते त्याहून एकटी. संध्याकाळी शाळा सुटली की गाडी उगाच चालू करून आवाज ऐकायची. बिघाड म्हणून नाही! नऊ महिन्यांत तिनं मला एक निमित्त दिलं नाही. तीन पत्रं लिहिली, तिन्ही फाडली.

मार्चमधल्या एका रविवारी पहाटे मी आईला म्हणाले, "लातूरला जाऊन येते."

"गाडी बिघडली?"

"नाही."

आईनं पांघरूण बाजूला सारलं. "त्याचं आडनाव अजून विचारलं नाहीस?"

"मला माहीत आहे, आई. तुलाही माहीत आहे."

मला वाटलं, आता रडेल, नाहीतर भावांना बोलावेल. आईनं पदरानं तोंड पुसलं. "शेजारच्या सरजाबाईला माझ्याजवळ बसव. आणि ऊन व्हायच्या आत नीघ."

नाक्यावर पोचले तेव्हा साहेबराव जीपखालून बाहेर येत होता. मला बघून जागीच थबकला, मग सवयीनं सरळ बॉनेटकडे गेला.

"काय झालं गाडीला?"

"काही नाही."

"आवाज करती?"

"नाही."

"पलीकडच्या चढावर दमली असंल."

"तिसऱ्यात आली."

त्याचा हात बॉनेटवरच राहिला. "मग एवढ्या लांब… कशापायी?"

"ती बिघडायची वाट बघत बसले असते तर म्हातारी झाले असते, साहेबराव. तुम्ही कामच तसं करून ठेवलंय! म्हणून धडधाकट गाडी घेऊन आले. तुमच्यासाठी आले."

त्यानं हात काढला, फडक्याला पुसला, पुन्हा पुसला.

"लई वाट बघायला लावली तुमी," तो म्हणाला, आणि त्यानं तेलाचा डबा मला बसायला पुढे सरकवला.